संदेश क्रमांक सतरा

मित्रांनो, मी एक जुना चूक-संदेश आहे. कॉम्प्युटरला काम सांगताना माणसाच्या हातून काही राहिले, की पडद्यावर लाल अक्षरांत एक ओळ उमटते ना, ती ओळ म्हणजे मी. आम्हाला बघितले की लोक आधी कपाळावर हात मारून घेतात आणि मग आम्हाला घालवायच्या मागे लागतात, त्यामुळे आमची कहाणी कोणी कधी विचारलेली नाही. आज तुम्ही बसलाच आहात, तर सांगतो. अभिमानाने सांगावे असे तिच्यात फारसे नाही, हे आधीच कबूल केलेले बरे.

मी ज्या भाषेत राहतो ती कॉम्प्युटरला काम सांगायची भाषा आहे. 'जर', 'नाहीतर', 'पुन्हा कर' असे रोजच्या बोलण्यातले शब्द तिच्यात आहेत. ती मुक्त आहे, म्हणजे तिची आतली घडण कोणापासून झाकलेली नाही. ज्याला हवी त्याने फुकट घ्यावी, उघडून वाचावी, काही खटकले तर सुधारणा सुचवावी. तिला जन्म दिला तो एका तंत्रशाळेतल्या शिक्षकाने. सगळे त्यांना मास्तर म्हणतात, म्हणून मीही मास्तरच म्हणतो. तास संपले की ते शाळेच्या मागच्या खोलीत बसायचे. खोली कसली, अडगळच ती. एक टेबल, दोन खुर्च्या, त्यातली एक डुगडुगणारी, आणि दर तिसरा कागद गिळणारा एक प्रिंटर. ज्याला कॉम्प्युटरची भीती वाटते त्यालाही जमेल अशी भाषा करायची, हे मास्तरांच्या डोक्यात बसले होते. माणूस खरोखर चांगला, मनाचा मोठा. पुढे मी जे सांगणार आहे ते ऐकताना हे विसरू नका.

माझ्याआधी सोळा संदेश लिहून झाले होते. सगळे सरळमार्गी. नऊ नंबरचा म्हणायचा, 'इथे आकडा हवा होता.' सोळा नंबरचा म्हणायचा, 'हा शब्द मला माहीत नाही.' बिचारा दिवसभर स्वतःचे अज्ञान कबूल करत बसायचा. मी पुढे त्याची पुष्कळ टर उडवली.

माझे काम कंसाचे. कंस म्हणजे गणितातले ते वाकडे चिन्ह. एक उघडायचा, आत सांगायचे ते सांगायचे आणि दुसरा लावून बंद करायचा. त्या दुपारी मास्तर स्वतःच एक कंस बंद करायला विसरले आणि अर्धा तास डोके खाजवत बसले. सापडला तेव्हा स्वतःवरच चिडले, आणि त्या चिडीत त्यांना आपल्या वडिलांचे बोलणे आठवले. वडील जिभेचे तिखट. घरात कोणी दार उघडे टाकून गेले की बसल्या जागेवरून गरजायचे, "उघडलंस, बंद कोण करणार, तुझा बाप?" आता बापही तेच आणि विचारणारेही तेच. मास्तरांना हसू फुटले आणि त्यांनी माझ्या जागी टाइप केले: 'कंस उघडलास, बंद कोण करणार, तुझा बाप?' झाले, मी जन्माला आलो.

मास्तरांची थोरली बहीण त्याच शाळेच्या कार्यालयात होती आणि भाषेची सगळी कागदपत्रे तीच सांभाळायची. तिला आम्ही सगळे ताई म्हणतो. मास्तरांनी तिला हाक मारून मला दाखवले. वडील जाऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. ताईने मला वाचले, चष्मा काढून पुसला, आणि म्हणाली, "असू दे." ती हसली नाही. मास्तर मात्र इतके हसत होते की त्यांच्या ते लक्षातही आले नाही.

पुढची वर्षे माझ्या कौतुकाची. भाषा पसरली, दूरदूरच्या देशांतली माणसे येऊन मिळाली, आणि जो तो आधी माझे नाव घ्यायचा. कोणी मला टी-शर्टवर छापले, कोणी कपावर. नवीन माणूस आला की जुने त्याला विचारायचे, "सतरा नंबर भेटला का?" आणि भेटलेला असला की टाळी द्यायचे. मूळ कोडमध्ये माझ्या डोक्यावर कोणीतरी टीप लिहून ठेवली, 'याला हात लावू नये.' मित्रांनो, लोकांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवले आणि मी चढलो. ही भाषा म्हणजे आपणच, बाकी सगळे भरताड, असे मला वाटू लागले.

त्या कौतुकात एक गोष्ट राहून गेली. माझ्या शब्दांमागे एक छोटी मोजणी आहे. कंस उघडला की एक वाढवायचा, बंद झाला की एक कमी करायचा. शेवटी काही उरले तर मी ओरडायचे. ती मोजणी मास्तरांनी त्या दुपारी घाईघाईत लिहिली होती आणि नंतर कोणी तिच्याकडे ढुंकून पाहिले नाही. माणसे सुधारणांवर तासन्‌तास बोलत. भाषा वेगवान कशी करायची, 'नाहीतर' असावे की 'नसेल तर', यावर चाळीस चाळीस पत्रे चालत. पण सतरा नंबर नीट मोजतो का, हे कोण विचारणार? हात लावू नये असे लिहिलेलेच होते.

आता एका डेपोकडे येतो. इथून पुढे सांगताना माझी जीभ अडखळते.

एका शहरातल्या बस डेपोत एक बाई ड्रायव्हरांच्या ड्यूटीचा तक्ता लावायच्या. डेपोत त्यांना सगळे तक्तेवाली म्हणत. बेचाळीस ड्रायव्हर, सव्वीस मार्ग. कोणाला पहाटेची गाडी, कोणाला दुपारची, ते ठरायचे डेपो मॅनेजरच्या मर्जीने. जवळच्यांना सोयीची ड्यूटी, तोंड वर करून बोलणाऱ्याला भर दुपारचा लांब पल्ला. तक्तेवालीला हे बघवत नव्हते. तिने आमची भाषा शिकायला घेतली, पुस्तक नाही, शिकवणी नाही, जेवणाच्या सुट्टीत स्वतःची स्वतः. सहा महिन्यांत तिने असा प्रोग्राम लिहिला की ज्यात प्रत्येकाला पाळीपाळीने सगळे मार्ग मिळतील. मग तिने सगळ्या ड्रायव्हरांसमोर सांगून टाकले, "पुढच्या एक तारखेपासून तक्ता मशीन लावेल. कोणाचा शब्द चालणार नाही." मॅनेजर हसून म्हणाले, दाखवा तर खरं.

दाखवायच्या दिवशी डेपोची विश्रांतीची खोली माणसांनी भरली. तक्तेवालीने आपल्या वडिलांनाही आणले होते. ते त्याच डेपोत बसच्या पाट्या रंगवून निवृत्त झालेले, सगळ्यांचे पेंटरकाका. इस्त्रीचा सदरा घालून ते पहिल्या बाकावर बसले. सहा मार्ग घालून तक्ता झकास लागला. ड्रायव्हरांनी माना डोलावल्या. मग मॅनेजर म्हणाले, सहा मार्गांचं काय कौतुक, सगळे सव्वीस घाला. तक्तेवालीला त्यात भिण्यासारखे काही वाटले नाही. एक ड्रायव्हर खिडकीत उभा राहून उभ्या गाड्यांच्या पाट्या एकेक अक्षर वाचत गेला आणि ती जसेच्या तसे टाइप करत गेली. सव्वीस झाले. तिने बटण दाबले.

आणि मोठ्या पडद्यावर, लाल अक्षरांत, मी उमटलो.

'कंस उघडलास, बंद कोण करणार, तुझा बाप?'

आधी एक जण हसला, मग दहा, मग सगळी खोली. आणि मग मित्रांनो, त्या सगळ्या माना एकाच वेळी पहिल्या बाकाकडे वळल्या. तिचा बाप तिथेच बसला होता ना. कोणीतरी मागून म्हणाले, "काका, उठा, लावा बंद!" पुन्हा हशा. पेंटरकाका हसायला गेले, ते त्यांना जमले नाही. त्यांनी मान खाली घातली आणि सदऱ्याचे बटण चाचपत बसले. मला पडद्यावरून कुठेच हलता येत नव्हते. मला घालवायचे तरी कसे, हे तक्तेवालीला सुचेना. इतकी वर्षे मी हशा ऐकत आलो होतो, पण ज्याच्यावर हसतात त्याचे तोंड मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

मॅनेजरने चार दिवस दिले. तक्तेवालीने आमच्या गटाला लिहिले. गट म्हणजे भाषा वापरणाऱ्या आणि सुधारणाऱ्या सगळ्यांची पत्रे जिथे जमतात ती जागा. तिने फार अदबीने लिहिले होते, की मी सगळे कंस तपासले, मला सगळे बंद दिसतात, तरी हा संदेश का येतो? पहिले उत्तर आले, पुन्हा मोजा. दुसरे आले, बोट ठेवून मोजा. आमच्यात एक फ्रीज दुरुस्त करणारा गृहस्थ आहे. प्रत्येक गोष्टीवर शंका काढतो म्हणून त्याला शंकासुर म्हणतात. सूर्य पूर्वेला उगवतो म्हटले तरी पुरावा मागेल. त्यानेसुद्धा लिहिले, सतरा नंबर म्हणतोय म्हणजे कंस राहिलाच असणार. त्याने सगळ्या जगावर शंका घेतली, फक्त माझ्यावर घेतली नाही. आणि मास्तरांनी हसरे चिन्ह टाकून एवढेच लिहिले, 'सतरा नंबर भेटला! अभिनंदन!'

चार दिवस ती बाई मोजत होती. मोठ्याने, बोट ठेवून, कागदावर छापून, पेन्सिलीने खुणा करून. दर वेळी मोजणी बरोबर यायची, दर वेळी ती बटण दाबायची आणि दर वेळी मी तिच्या बापाला हाक मारायचो. तिसऱ्या दिवशी तिने मला वाचणेच सोडले. नुसते लाल दिसले की डोळे मिटून घ्यायची. तिला वाटू लागले होते की आपल्याला साधे मोजतासुद्धा येत नाही. चार दिवस संपले. मॅनेजरने तक्त्याचे काम काढून घेतले आणि तिला गाडीत विसरलेल्या वस्तूंच्या खोलीत बसवले, छत्र्या आणि डबे यांच्यामध्ये. ड्रायव्हरांतल्या ज्यांनी तिची बाजू घेतली होती, तेही तिला टाळू लागले. मशीन लावेल म्हणे, असे तिच्या पाठीमागे बोलू लागले.

दोन आठवडे गेले. एका सकाळी तक्तेवाली घरच्या कॉम्प्युटरवर सगळे पुसून टाकायला बसली होती आणि पडद्यावर मी होतोच. काका मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "एक विचारू का? त्या पाट्यांवरचे कंस मी बंद करत नव्हतो. त्याचं तर काही नसेल ना?"

तिला समजेना. मग त्यांनी सांगितले. पाटी लहान, नावे लांब. 'दवाखाना (जुना)' लिहायचे तर शेवटच्या कंसाला जागाच उरत नसे. मग ते 'दवाखाना (जुना' एवढेच लिहीत. 'बाजार (मागे', 'कारखाना (फाटक', अशा पाच पाट्या. तीस वर्षे अख्ख्या डेपोला त्याची सवय झालेली, कोणाच्या नजरेलाही ते येत नव्हते, चार दिवस मोजताना तिच्याही आले नव्हते. वाचणाऱ्या ड्रायव्हरने ते तसेच वाचले होते आणि तिने ते तसेच, अवतरणचिन्हांच्या आत, नाव म्हणून टाइप केले होते. मित्रांनो, अवतरणचिन्हांच्या आतले म्हणजे नुसता मजकूर. तिथला कंस मोजायचाच नसतो. एखाद्याने पत्रात 'दार उघड' असे लिहिले म्हणून पोस्टमन उठून दार उघडत नाही, तसेच ते. हे भाषेतल्या बाकी सगळ्यांना कळत होते. मला कळत नव्हते. मी आतले, बाहेरचे, सगळेच मोजत होतो.

म्हणजे तिची काही चूक नव्हती. तिच्या वडिलांचीही नव्हती. चूक माझी होती, आणि आरडाओरडा करणाराही मीच होतो. मला कुठे तोंड लपवावे ते कळेना, कारण मी नुसते तोंडच आहे.

तिने हे गटाला कळवले. शंकासुराने करून पाहिले आणि खरे निघाले. तो इतका खजील झाला की वीस मिनिटांत मोजणी दुरुस्त करून पाठवली, सगळ्या मिळून चार ओळी. ताईने जुनी पत्रे काढून चाळली. गेल्या काही वर्षांत एकतीस जणांनी हेच विचारले होते. एकतीस जणांना आपण सांगितले होते, पुन्हा मोजा. त्यातल्या अकरा जणांनी त्यानंतर गटात कधी एक अक्षर लिहिले नव्हते. त्या अकरांचे पुढे काय झाले, हे मला आजही माहीत नाही.

मग ताईने प्रस्ताव मांडला. त्यात दोन गोष्टी होत्या. माझे शब्द बदलायचे, आणि नव्या आवृत्तीबरोबर जी बदलांची यादी जाते तिच्यात आपली चूक उघड कबूल करायची. आमच्याकडे ताईनेच घालून दिलेला एक नियम आहे. प्रस्ताव सात दिवस सगळ्यांसमोर ठेवायचा. एकाने जरी हरकत घेतली आणि सात दिवसांत मागे घेतली नाही, तरी तो वर्षभर पुन्हा मांडायचा नाही. लहानातल्या लहान माणसाचेही ऐकले जावे म्हणून तो नियम होता. दुसऱ्याच दिवशी हरकत आली. आजवर ज्यांनी एकही हरकत घेतली नव्हती, त्या मास्तरांची.

त्यांनी लिहिले की मोजणी दुरुस्त झाली, प्रश्न मिटला. गंमत हाच या भाषेचा जीव आहे आणि कबुलीजबाब छापून एवढ्या वर्षांच्या कामाला डाग का लावायचा. त्यांच्या बाजूनेही पुष्कळ जण उभे राहिले. हल्ली कोणाला थट्टा सोसत नाही, असे लिहिले. टी-शर्टवर मला छापणारा तर फारच तावातावाने लिहीत होता. तीन दिवसांत दोनशे पत्रे झाली आणि सगळी माझ्याबद्दल. एरवी मी फुगलो असतो. आता मला वाटत होते, कोणीतरी मला खोडून टाका आणि हा विषय संपवा.

सहाव्या दिवशी तक्तेवालीचे पत्र आले. ते मला पाठ आहे.

'संदेश बदलून मला नको. तुमची गंमत तुमच्यापाशी ठेवा. मला फक्त एका ओळीत एवढं लिहून द्या की चूक माझी नव्हती. मी ते छापून डेपोत लावणार आहे. मी बेचाळीस माणसांना शब्द दिला होता, तो खोटा नव्हता हे त्यांना कळायला हवं. माझ्या वडिलांनी त्या दिवसापासून डेपोत पाऊल टाकलेलं नाही.'

या पत्राला कोणी उत्तर दिले नाही. दोनशे पत्रे लिहिणाऱ्यांपैकी एकानेही नाही.

सातव्या दिवशी, रविवारी सकाळी, पडद्यावर बैठक भरली. मास्तर घरून, ताई घरून, शंकासुर आपल्या दुकानातून, आणि तक्तेवाली आपल्या खोलीतून. पेंटरकाका तिच्या मागे दाराशी उभे होते, आत येत नव्हते. सगळ्यांना दिसावे म्हणून मधोमध मला ठेवले होते. मास्तरांनी बोलायला सुरुवात केली. ते म्हणाले, माझा कोणाला दुखवायचा हेतू नव्हता. हे वाक्य माझ्या वडिलांचं आहे. त्यांचं दुसरं काही माझ्याकडे नाही. एवढं एक बोलणं मी जपून ठेवलं आहे, ते मला पुसू देऊ नका. मला त्यांची कीव आली, आणि त्याहून जास्त माझीच लाज वाटली. ज्याला मी गंमत समजत होतो तो एका मुलाचा शोक होता, आणि तो मी लोकांच्या तोंडावर फेकत आलो होतो.

शंकासुर खाली बघत होता. ताईने चष्मा काढून ठेवला. मग म्हणाली, "तुला ते हसून आठवतं. मला तसं आठवत नाही."

मास्तर म्हणाले, "म्हणजे?"

"तू सात वर्षांचा होतास. मागचं दार उघडं राहिलं आणि सगळी धूळ घरात आली. पाहुणे बसले होते. बाबा त्या सगळ्यांसमोर तुला हे बोलले. सगळे हसले. तू हसला नाहीस. तू पलंगाखाली जाऊन बसलास आणि जेवायलाही आला नाहीस."

"असेल. लहान होतो."

"दार मी उघडं टाकलं होतं," ताई म्हणाली. "मी घाबरले आणि गप्प बसले. अजूनपर्यंत गप्प होते. तू हे वाक्य लिहिलंस त्या दिवशी मी सांगायला हवं होतं. मला धीर झाला नाही. काल त्या बाईंचं पत्र वाचलं आणि वाटलं, एका ओळीसाठी माणूस इतका तळमळतो, आणि ती ओळ मी तुला एवढी वर्षं दिली नाही. तुझी चूक नव्हती रे."

मास्तर पडद्यावरून उठून गेले. त्यांची रिकामी खुर्ची तेवढी दिसत होती. दाराशी उभे असलेले पेंटरकाका हळूच पुढे आले आणि लेकीच्या शेजारच्या स्टुलावर बसले. मी मधोमध तसाच, लाल, सगळ्यांच्या तोंडासमोर. माझ्यात जीव असता तर मी स्वतःच स्वतःला खोडले असते.

मास्तर परत आले तेव्हा त्यांचा चेहरा ओला होता, तोंड धुऊन आले असावेत. त्यांनी हात जोडले, ते पेंटरकाकांना. मग दोनच शब्द म्हणाले, "हरकत मागे." आणि बदलांच्या यादीतली पहिली ओळ त्यांनी तिथेच, सगळ्यांसमोर, स्वतः टाइप केली.

'संदेश क्रमांक सतरा खोटा होता. डेपोच्या तक्तेवाल्या बाईंची काही चूक नव्हती. कंस मोजायला मी चुकलो, वर त्यांच्या वडिलांना मध्ये ओढले आणि त्यांनी विचारले तेव्हा हसलो. मी त्या दोघांची माफी मागतो.'

तक्तेवालीने ते वाचले. तिने आभार वगैरे काही मानले नाहीत, आणि मानण्यासारखे काही नव्हतेही. ती वडिलांना म्हणाली, "प्रिंटरला कागद लावा." काका कागद शोधायला उठले.

तो कागद डेपोच्या फलकावर लागला. त्याच्या खाली, कशाबद्दल चालले आहे ते कळावे म्हणून, माझे जुने शब्दही छापले होते, त्यामुळे मीही तिथे होतो. ड्रायव्हर येऊन वाचत होते. ज्याने 'काका, उठा' म्हटले होते तो वाचून झाल्यावर बराच वेळ तिथेच उभा राहिला आणि मग कोणाकडे न बघता निघून गेला. दुसऱ्या दिवशी पेंटरकाका आले. इस्त्रीचा सदरा नव्हता, घरातलाच होता. त्यांनी एकेका शब्दावर बोट ठेवून दोनदा वाचले. मॅनेजर तिकडून जात होते, ते थांबले आणि म्हणाले, काय काका, चहा घेणार? काका म्हणाले, "आधी हे वाचा." आणि मॅनेजरने वाचेपर्यंत ते हलले नाहीत.

तक्त्याचे काम तिला परत मिळाले की नाही, हे मी सांगू शकत नाही. माणसाचे अडले तरच माझी आणि त्याची गाठ पडते, आणि त्यानंतर ती मला पुन्हा भेटलेली नाही. न भेटणे चांगलेच म्हणायचे.

माझे शब्द आता असे आहेत: 'या ओळीवर उघडलेला कंस मला बंद झालेला सापडला नाही. माझी मोजणी चुकली असेल तर कृपया कळवा.' यावर कोणी टाळी देत नाही. टी-शर्टवर मला कोणी छापत नाही. पण पहिल्याच महिन्यात नऊ जणांनी कळवले, आणि त्यातल्या दोघांच्या बाबतीत मी खरोखरच चुकलो होतो. हे शब्द मला पहिल्या दिवशी मिळाले असते तर त्या अकरांना लिहिता आले असते, हा विचार काही केल्या जात नाही.

आणि अजून एक सांगायचे राहिले आहे, तेच सगळ्यात वाईट. आमची भाषा फुकट आहे, ज्याने जी आवृत्ती घेतली ती त्याची झाली. ती परत मागवता येत नाही. किती शाळांत, किती कचेऱ्यांत, किती घरांत जुनी आवृत्ती अजून चालू आहे, ते ताईलाही माहीत नाही. तिथे मी सुधारलेलो नाही. मी इथे तुमच्यापुढे मान खाली घालून बोलतो आहे, आणि याच क्षणी तिथे कोणातरी निरपराध माणसाला त्याच्या बापावरून बोलतो आहे. मला तिथे जाऊन स्वतःचे तोंड धरता येत नाही.

म्हणून मित्रांनो, एवढे कराल का? तुमच्याकडे ती जुनी आवृत्ती असेल तर आजच बदला. आणि शेजारी कोणी पडद्यासमोर बसून तिसऱ्यांदा मोजत असेल, तर त्याला पुन्हा मोज म्हणू नका. त्याच्या शेजारी बसा आणि त्याला सांगा, की तो सतरा नंबर खोटारडा आहे, तुझी चूक नसेल.

मी सांगितले तर तो ऐकणार नाही. त्याला माझा तोच आवाज ऐकू येतो आहे.